भांडण अर्ध्यावर टाकून गेलीस, ताई

ताई, काल तुझा जलदान विधी झाला. वडगावला, आपल्याच दारात. ताडपत्री बांधली होती, खाली सतरंज्या टाकल्या होत्या. तुझ्या शाळेतले शिक्षक दौंडहून आले होते, दाजींच्या रेल्वेतली माणसं आली होती, माझ्या सासरचे, सुनीताच्या माहेरचे होते. त्रिशरण-पंचशील झालं आणि मग एकेकजण उठून तुझ्याविषयी बोलायला लागला. तुझे हेडमास्तर म्हणाले, "ताराबाई म्हणजे सोशिकपणाची मूर्ती. एवढा मोठा आजार, पण तोंडातून कधी हूं नाही की चूं नाही."

मी दाजींकडं बघितलं. दाजी सतरंजीकडं बघत होते.

तू आणि सोशिक! दवाखान्यात चादर बदलली नाही म्हणून आधी वॉर्डातल्या मावशीला, मग सिस्टरला आणि शेवटी राउंडला आलेल्या मोठ्या डॉक्टरला एका दमात झापणारी तू. अळणी भाजीची वाटी भिंतीवर फेकून मारणारी तू, आणि मग पदर खोचून ती भिंत पुसत बसणारीही तूच. माझ्याशी तर जन्मभर भांडलीस. आणि आता ही माणसं तुझी पार गरीब गाय करून टाकायला निघाली होती. मला बसवेना. भन्तेजी सगळं अनित्य आहे असं समजावून सांगायला लागले, तसा मी उठलो आणि मागं गोठ्यापाशी जाऊन उभा राहिलो. त्यांचं खरंच असेल. पण मला ते ऐकायचं नव्हतं. मला तुझ्याशी भांडायचं होतं. आपलं भांडण संपलेलं नाही आणि तू मधूनच उठून गेलीस. म्हणून हे लिहितोय.

आपलं पहिलं मोठं भांडण माझ्या बोलण्यावरून झालं होतं. तू डी.एड. करून आलीस, गावातली आपल्या वस्तीतली पहिली मास्तरीण झालीस, आणि पहिलं काय केलंस तर माझी जीभ धरलीस. "हाय नाही, आहे. कवा नाही, कधी. मिल्या, तुझ्या तोंडाकडं बघून लोक तुझी किंमत ठरवणार आहेत." मी चिडून म्हणायचो, "मग ठरवू दे की!" आप्पा नुकतेच गेले होते, घरात दरारा असा कुणाचा राहिला नव्हता, तो तू आपल्याकडं घेतलास. माझं आयटीआय झालं, रांजणगावला नव्या कंपन्या येत होत्या, तिथून मुलाखतीचं बोलावणं आलं. आदल्या दिवशी तू बाजेवर पाय खाली सोडून साहेब होऊन बसलीस आणि मला दारातून परत परत आत यायला लावलंस. "मे आय कम इन सर म्हण. हळू नाही, मोठ्यानं." आई चुलीपाशी पदर तोंडाला लावून हसत होती. मी कंपनीत लागलो तो तुझ्यामुळं. हे तुला कधी म्हटलं नाही, कारण म्हटलं असतं तर तू त्यातही एखादी चूक काढली असतीस.

तुझं लग्न दौंडला झालं. दाजी रेल्वेत रुळांच्या कामावर, राहायला रेल्वेचं क्वार्टर, तुझी बदलीही तिकडच्याच शाळेत झाली. दाजी कमी बोलणारे, तू दोघांच्या वाटचं बोलणारी. चांगलं चाललं होतं. तू गरोदर राहिलीस तेव्हा आईनं अख्ख्या वस्तीला पेढे वाटले.

सातव्या महिन्यात तुझे पाय सुजले. पायच नाही, तोंडसुद्धा. मी म्हणालो, "दवाखान्यात दाखव." तू म्हणालीस, "दिवसभर उभं राहून शिकवते, म्हणून सुजतात." मग एक दिवस फळ्यासमोरच तुला फीट आली. मी कंपनीतून थेट दवाखान्यात आलो तोवर सगळं उरकलं होतं. मुलगी होती. जिवंत नव्हती. तू शुद्धीवर नव्हतीस. दाजींनी तिला त्यांच्या उपरण्यात गुंडाळलं आणि मी त्यांच्याबरोबर नदीकडं गेलो. दाजींनी खड्डा स्वतःच्या हातांनी काढला, मला फावड्याला हात लावू दिला नाही.

तुला शुद्ध आली तेव्हा सगळ्या बायका म्हणत होत्या, तिच्यासमोर विषय काढू नका. तू दोन दिवस भिंतीकडं तोंड करून पडलीस. मग खोलीत मी एकटाच असताना विचारलंस, "मिल्या, तू बघितलंस तिला?"

"व्हय."

"कशी होती?"

 मी म्हणालो, "तुझ्यासारखी. कपाळ तुझं होतं."

तू मान हलवलीस. त्या दिवशी माझ्या 'व्हय'ला तू काही बोलली नाहीस.

रक्ताच्या तपासण्या झाल्या आणि डॉक्टरांनी दाजींना आणि मला बाजूला घेऊन सांगितलं की तिच्या दोन्ही किडन्या गेल्यात जमा आहेत. आजार बऱ्याच आधीपासून आत बसला असावा, बाळंतपणात तो उघडा पडला. दाजींनी एकच विचारलं, "साहेब, हिला कसं सांगायचं?" डॉक्टर म्हणाले, "मी सांगतो." पण तुला कुणी सांगायची गरज पडली नाही. आम्ही आत आलो तशी तू आमची तोंडं बघून म्हणालीस, "अजून काय राहिलंय?"

मग डायलिसिससाठी पुणं सुरू झालं. आठवड्यातून दोनदा तू आणि दाजी दौंडला सकाळची गाडी धरायचात. दाजींची ड्यूटी असली की मी नदी ओलांडून केडगावला यायचो आणि तिथून तुझ्या डब्यात चढायचो. तू खिडकीशी बसलेली असायचीस, शेजारी माझ्यासाठी पिशवी ठेवून जागा धरलेली. जाताना तू पोरांचे पेपर तपासायचीस. येताना तुझं डोकं माझ्या खांद्यावर असायचं आणि हाताची सुयांची जागा तू दुसऱ्या हातानं दाबून धरलेली असायची. मशीनवरनं उतरल्यावर अंग कुणी धान्यासारखं दळून काढल्यासारखं वाटतं, असं तू म्हणाली होतीस.

पण तुला मशीनपेक्षा तहानेनं जास्त छळलं. लघवी होत नाही, म्हणून पाणी मोजून. दौंडचा तो उन्हाळा, पत्र्यासारखं तापलेलं क्वार्टर, आणि तुला दिवसभरात घोट घोट करून थोडंसंच पाणी. शाळेत पोरं टाकीच्या नळाला तोंड लावून प्यायची आणि तू वर्गाच्या दारातून बघत उभी राहायचीस, हे तूच मला सांगितलंस. मे महिन्यात एका दुपारी मी न सांगता आलो. दार नुसतं लोटलेलं होतं. तू माठापुढं जमिनीवर बसून गडवे भरभरून पीत होतीस. पाणी हनुवटीवरनं, पोलक्यावरनं वाहत होतं. मी गडवा हिसकावला. तू माझ्या थोबाडीत मारलीस. मग तेच ओले हात स्वतःच्या तोंडावर धरलेस आणि रडायला लागलीस. "मला मरायचं न्हाई रे मिल्या. मला नुसतं पाणी प्यायचंय."

तेव्हा माझ्या लक्षात आलं, तू कधीची आपल्या घरच्या भाषेत बोलायला लागली होतीस. मला मात्र तुझ्यासारखं बोलायची सवय लागून गेली होती. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत तुझ्या छातीत पाणी भरलं आणि दाजींना तुला तसंच पुण्याला न्यावं लागलं.

किडनी बदलायची ठरली तेव्हा आई सगळ्यांच्या आधी पुढं आली. तिला साखर होती, डॉक्टर नाही म्हणाले. आई त्यांच्याशी भांडली, "माझ्याच पोटातनं आलीय ती. माझी न्हाई चालायची तर कुणाची चालंल?" दाजींचा रक्तगट जुळला नाही. माझा जुळला. मग पुढच्या सगळ्या तपासण्या जुळल्या. पैशांचं इथं काढत नाही. ते कसे उभे राहिले हे आपल्या सगळ्यांना माहीत आहे आणि त्यावरनं आपण पुरेसं भांडलो आहोत.

सुनीता मात्र नाही म्हणाली. आमचा यश तेव्हा नुकता चालायला लागला होता. ती आरडाओरडा करणारी नाही, तुला माहीत आहे. भाकरी थापता थापता म्हणाली, "तुमची बहीण हाय, मला कळतंय. पण मलाबी नवरा एकच हाय."  दोन दिवस आम्ही एकमेकांशी बोललो नाही. तिसऱ्या दिवशी ती यशला आईकडं ठेवून मला न सांगता एसटीनं दौंडला गेली. तुझ्याकडं. दिवस मावळता परत आली, पायसुद्धा धुतले नाहीत, तशीच ओट्यावर बसली.

"काय झालं?" मी विचारलं.

"ताई म्हणल्या, सुनीता, नको देऊ. तुझ्या जागी मी असते तर मीबी दिली नसती."

"मग?"

"मग काय? असं म्हणल्यावर मी कशी न्हाई म्हणू? सांगा, सही कुठं करायची ती."

ताई, तू तिला खरंच नको म्हणायला सांगत होतीस, याबद्दल मला तिळभर शंका नाही. तू गोड बोलून कुणाला फिरवणारी नव्हतीस. तू खरं बोललीस, आणि त्या खरं बोलण्यानंच ती फिरली. पुढं तुम्हा दोघींची जी गट्टी जमली ती त्या दिवसापासून. मला वगळून तुमच्या काय गप्पा चालायच्या ते मला आजही ठाऊक नाही.

ऑपरेशनच्या सकाळी आपल्या दोघांच्या ढकलगाड्या शेजारी शेजारी उभ्या होत्या. हिरवे कपडे, डोक्याला टोप्या. तू माझ्याकडं वळून म्हणालीस, "अजून बी पळून जा. मी कुणाला सांगणार न्हाई."

"तूच पळ," मी म्हणालो.

"मला कुठं पळता येतंय?" तू म्हणालीस, आणि आपण दोघं असे हसलो की वॉर्डबॉय आपल्याकडं बघायला लागला.

दुसऱ्या दिवशी मी कण्हत पडलो होतो. कुशीत कुणी विळा घालून ठेवल्यासारखं दुखत होतं. तेवढ्यात दाजी वॉर्डात शिरले. जन्मात मोठ्यानं न बोललेला माणूस दारातूनच ओरडला, "झाली! मिलिंदराव, लघवी झाली! पिशवी भरून झाली!" सगळे पेशंट वळून बघायला लागले. दाजींना त्याचं काही नव्हतं. ते माझ्या पलंगाची दांडी धरून उभे राहिले आणि लहान पोरासारखे रडले.

तू बरी होऊन वडगावला आलीस. डॉक्टरांनी सांगितलं होतं, पाणी भरपूर प्या. आईनं तांब्या भरून तुझ्या हातात दिला. तू उभ्यानं, वरून धार धरून तो सगळा तांब्या रिकामा केलास. आई समोर बसून बघत होती, सुनीता बघत होती, यश बघत होता. तांब्या खाली ठेवून तू म्हणालीस, "काय सिनेमा आहे का?" आणि आणखी एक मागितलास. त्या दिवसाबद्दल मी कुणाचे आभार मानू? मला देव नाही. तुझेच मानतो. असं बघायला मिळणं फार थोड्यांच्या नशिबी येतं.

ती वर्षं चांगली गेली. चेहरा गोळ्यांनी जरा गोल झाला होता, पण तू शाळेत परत गेलीस. पोरांची सहल इनामगावला नेलीस तेव्हा टेम्पोत सोबतीला मला घेतलंस. मला वाटलं होतं काहीतरी मोठं बघायला मिळेल. घोड नदीकाठी शेतं आणि मातीचे उंचवटे. पण तिथला एक म्हातारा शेतकरी पुढं आला. उत्खननाच्या वेळी कामावर होता म्हणाला. तो पोरांना सांगायला लागला की हजारो वर्षांपूर्वी इथं गाव होतं, लोक जव, गहू असं काय काय पिकवत होते, मडकी रंगवत होते. मग म्हणाला, "आन् त्यांचं ल्हान पोर गेलं ना, तर ती लोकं त्येला लांब न्हेत नव्हती. दोन मडकी घ्यायची, तोंडाला तोंड लावायची, पोर त्यात ठेवायचं आन् घरातच जमिनीखाली पुरायचं."

पोरं ईऽऽ करून ओरडली. तू ओरडली नाहीस. तू खाली मातीकडं बघत होतीस. परतीच्या वाटेवर टेम्पोच्या आवाजात तू मला एवढंच म्हणालीस, "घरातच ठेवायचे रे. बरं करायचे."

त्या संध्याकाळी क्वार्टरवर तू दाजींना इतक्या वर्षांत पहिल्यांदा विचारलंस, तिला कुठं ठेवलंय ते मला दाखवा. मी तिथंच होतो.  दाजी म्हणाले, "नदीला मागं पूर आला तवा तो काठच गेला. मी जाऊन बघून आलो हुतो. दरसाल जायचो." तू त्यांच्याकडं बघतच राहिलीस. दरसाल. आणि तुला माहीत नव्हतं. मग तू उठून त्यांच्या शेजारी बसलीस आणि मी चप्पल घालून बाहेर पडलो. तुम्ही त्यानंतर काय बोललात ते माझ्या ऐकण्याचं नव्हतं.

मग तो ताप आला. साधा वाटला. गेला, पुन्हा आला. रक्तातलं क्रिएटिनिन वाढायला लागलं. सुईनं किडनीचा तुकडा काढून तपासला, सलाईनमधून भारीतली भारी औषधं दिली, तुझं तोंड ओळखू न येण्याइतकं सुजलं. डॉक्टर 'रिजेक्शन' म्हणाले. शब्द आम्हाला माहीत होता, तरी तो ऐकल्यावर मी डॉक्टरांना वेड्यासारखं विचारलं, "म्हणजे माझी चांगली नव्हती का?" ते म्हणाले, तसं नसतं. पण मला तसंच वाटत राहिलं. मी कंपनीत मशीनसमोर उभा राहायचो आणि कुशीवर हात ठेवायचो. उरलेली काम करतेय, आणि दिलेली मरतेय. दोन्ही माझ्याच.

तू माझं तोंड बघून ओळखलंस. पलंगावर पडूनच माझं मनगट धरलंस. "राग धरू नको मिल्या. माझ्या अंगानं तुला न्हाई म्हणलं. मी न्हाई."

तेवढंच. त्यावर मला रडताही आलं नाही, कारण रडलो असतो तर तू समजूत काढत बसली असतीस, आणि तुला दमही लागत होता.

पुन्हा मशीन. पण आता पहिल्यासारखं नव्हतं. हाताची नस बंद पडली, दुसऱ्या हाताची केली, तीही बंद पडली. मग मानेत नळी. नळीला पू, थंडी वाजून ताप, नळी काढा, दुसरीकडं घाला. शाळा सुटली. जिना चढणं सुटलं. रात्रीची झोप सुटली. हाडं दुखायची, अंगाला खाज सुटायची, तू पलंगाच्या दांडीला पाठ घासायचीस. मी प्रत्येक वेळी म्हणायचो, पुढच्या वेळी बरं वाटेल. तू पहिल्यांदा पहिल्यांदा "हो" म्हणायचीस. मग नुसतं बघायचीस.

आणि मग ती दुपार. दौंडला, क्वार्टरवर. दाजी जेवायला घरी आलेले, मी सुट्टी काढून आलेलो, कारण दुसऱ्या दिवशी तुझी पुण्याची पाळी होती.

तू म्हणालीस, "मिल्या, मी आता मशीनवर जाणार न्हाई."

"उद्या नाही? मग परवा जाऊ."

"परवा न्हाई. कधीच न्हाई. मला वडगावला ने. आईकडं."

मला समजायला वेळ लागला. समजलं तसा मी ओरडलो. काय काय बोललो ते सगळं तुला आठवत असेल. शेवटी म्हणालो, "मग मी तुला दिली कशासाठी? ह्याच्यासाठी?"

तू ओरडली नाहीस. तुला ओरडण्याइतका दमच नव्हता. "तू दिलीस ती मी वापरली. एक दिवस वाया घालवला न्हाई. पाणी प्याले, शाळेत गेले, आईच्या हातची आंबाडीची भाजी खाल्ली. अजून काय करायचं होतं तिचं?"

"अजून जगायचं होतं!"

"जगले की. हे जगणं न्हाई. हे अंग माझं हाय मिल्या. हे किती ओढायचं ते मी ठरवणार."

मी दाजींकडं वळलो. "दाजी, तुम्ही बोला की काहीतरी! गप काय बसलाय?"

दाजींनी ताटातला हात काढला. माझ्याकडं न बघता म्हणाले, "मी तिला मशीनवर रडताना बघतो, मिलिंदराव. तुम्ही कंपनीत असता."

मी उठून बाहेर आलो.  पण त्यावरून मला पटलं, असं समजू नकोस. मला पटलं नव्हतं. तुमचं दोघांचं ठरलं होतं, आईलाही तू आधीच सांगून ठेवलं होतंस, सुनीतालाही. मला शेवटी सांगितलंस, कारण मी भांडणार हे तुला माहीत होतं. भांडण टाळायचं होतं म्हणून नाही. माझ्याशी भांडण्याइतकी ताकद तू राखून ठेवली होतीस आणि ती एकाच दुपारी खर्चायची होती.

तुला वडगावला आणलं. पडवीत बाज टाकली. तू हवं तेवढं पाणी प्यालीस, ठेचा मागितलास, मिठाचा. आई तुझे पाय मांडीवर घेऊन बसायची, सुजेवर बोट दाबलं की खड्डा तसाच राहायचा. माझी पहिली पाळी संपली की मी गाडीवरनं थेट तुझ्या बाजेपाशी यायचो आणि तेच विचारायचो, "जायचं का?" तू तोंड फिरवायचीस. तिसऱ्या-चौथ्या वेळी आई म्हणाली, "आरं, तिला जरा निवांत बसू दे की." मी आईवरही ओरडलो.

मग एका दुपारी मी कुणाला न विचारता न्हावऱ्याहून जीप ठरवून आणली. ठरवलं होतं, उचलून घालायची आणि न्यायची. तू आलीस तर ठीक, नाहीतर ओरडत ये. जीप दारात उभी राहिली. तू उशांना टेकून बसली होतीस, ओठ निळसर पडले होते. दाजी शेजारी होते. मी म्हणालो, "गाडी आणलीय."

तू जीपकडं बघितलंस. मग माझ्याकडं.  मी 'न्हाई' ऐकायच्या तयारीनं उभा होतो.

तू म्हणालीस, "आज दमलीय रे. उद्या जाऊ."

मला खरंच वाटेना. "उद्या? नक्की?"

"उद्या जाऊ म्हणलं ना."

ताई, मी इतका खूश झालो. ड्रायव्हरला म्हणालो, "उद्या सकाळी लवकर ये." सुनीताला म्हणालो, पिशवी भर. तिनं तुझा गाऊन, टॉवेल, दवाखान्याची फाईल, गोळ्या, सगळं नीट भरलं. तू तिला हळूच म्हणालीस, "चष्मा पण टाक." मी पुण्याला फोन लावून मशीनची वेळ घेतली. पडवीतनं आत, आतनं पडवीत फिरत होतो. तू बाजेवरनं माझ्याकडं बघत होतीस, हसत नव्हतीस, पण तोंड निवांत होतं.

दिवे लागायच्या वेळेला तू आईला म्हणालीस, मला जरा उठवून बसव. आईनं तुला छातीशी टेकवून धरलं. मी हापशावर हातपाय धूत होतो. आईनं हाक मारली ती माझ्या नावानं नाही, तुझ्या नावानं. "तारे! अगं तारे!" मी पळत आलो तोवर तुझी मान आईच्या खांद्यावर कलली होती. दाजींनी तुझा हात दोन्ही हातांत धरला होता.

सकाळी दारात माणसं जमली होती. सगळीकडं निरोप गेले होते, जीपवाल्याला कळवायचं कुणालाच सुचलं नाही. तो सांगितल्या वेळेला आला. लांबूनच हॉर्न दिला, उतरला आणि म्हणाला, "चला, पेशंटला आणा." मग त्यानं पडवीत बघितलं. डोक्यावरची टोपी काढली. माझ्याजवळ येऊन हळू म्हणाला, "दादा, काल म्हणला असता तर कालच न्हेलं असतं." त्याच्या मनात काही नव्हतं. तो आपला बोलून गेला.

आई म्हणते, तुला जायचंच नव्हतं. तुला आतून समजलं होतं, तू मला फक्त एक संध्याकाळ दिलीस. "लई भांडत हुतास, म्हणून दिली." सुनीता म्हणते, नाही, ताई येणार होत्या. न येणारं माणूस चष्मा टाकायला कशाला सांगेल? दाजींना विचारलं तर ते म्हणाले, "ती खोटं बोलत नव्हती कवा." आणि त्याचा अर्थ काय ते त्यांनी सांगितलं नाही.

काल सगळे गेल्यावर आईनं सतरंज्या झटकून घड्या घातल्या. पडवीची बाज उभी केली. सुनीतानं भरलेली पिशवी मात्र दाराशीच आहे. आई म्हणाली, "मिलिंदा, ती तेवढी मोकळी कर." मी हात लावला नाही. ती मोकळी केली तर तू येणार नव्हतीस असं ठरतं, आणि आपल्या सगळ्या भांडणांत तू मला पहिल्यांदा फसवलंस असं होतं. तशीच ठेवली तर तू येणार होतीस, आणि दारात उभी असलेली गाडी मी माझ्या हातानं परत पाठवली. दोन्हींतलं एकही मला पेलत नाही, ताई. दाजी उद्या दौंडला निघालेत. जाताना ती बरोबर नेऊ का, असं त्यांनी मला विचारलं. मी म्हणालो, राहू द्या.